ओढ्याचा काठ: सिमेंटची भिंत की वाळा-निरगुडी?

काठावरचा
बेळगावकडच्या मार्कंडेय नदीला मिळणारा आमचा ओढा 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरापासून दर पावसाळ्यात रान खातोय. आता पंचायतीकडे अर्ज करून काठाला सिमेंटची भिंत घालायचं चाललंय. माझा विरोध आहे.

काठ बहुतेक वेळा पडतो तो पूर ओसरताना. माती भिजून जड झालेली असते आणि बाहेरून पाण्याचा टेकू अचानक जातो. आधी कडेपासून वीतभर आत भेग दिसते, दुसऱ्या दिवशी गाडीभर माती धपकन खाली. पायथा तर पाण्यानं आधीच पोखरलेला. माझ्या बांधावरचा करंज आता अर्धी मुळं हवेत सोडून उभा आहे. तिथून दहा पावलांवर निरगुडीची जाळी आहे, तिथला काठ मात्र जागेवर.

म्हणून म्हणतो, पायथ्याला दगड रचा, वर उतार काढा, त्यावर काथ्याची चटई अंथरून वाळ्याचं गवत आणि निरगुडीची झुडपं लावा. पाण्यालगत शेरणी, वाळुंज ही ओढ्याकाठची झाडं. चटई दोन-तीन वर्षांत कुजते, तोवर मुळांनी माती धरलेली असते.

भातवाला
उतार काढा म्हणायला काय जातंय? हिशोब करा की. माझा काठ 6 फूट उंच, सरळ तुटलेला. एकास दोन उतार म्हटला की 12 फूट रान गेलं. 200 फूट लांबीला 2400 चौरस फूट, म्हणजे दोन गुंठ्यांच्या वर. ओढ्यानं खाल्लं काय आणि तुम्ही खाल्लं काय, जमिनीच्या कागदावर क्षेत्र तेवढंच राहणार आणि भात कमी. भिंत दोन फुटांत बसते. शिवाय निरगुडी माजली की डुकरं लपायला मोकळी.

मेस्त्री खानापूर
भिंतीची एवढी खात्री नको. मी ज्या कामावर होतो ती भिंत चौथ्या पावसाळ्यात पोट काढून ओढ्यात झोपली. पाया तळाच्या पुरेसा खाली नेला नव्हता आणि मागचं पाणी निघायला भोकं ठेवली नव्हती. मी बोललो होतो. ठेकेदार म्हणाला, बिल निघेपर्यंत उभी राहिली म्हणजे झालं.

पण काठावरचे, तुमचंही पुरतं पटत नाही. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी धडका देतं, तिथं नुसती झाडं टिकत नाहीत. तिथं तारेच्या जाळीत भरलेले दगड हवेत, त्यांच्या फटींत माती भरून वाळुंजाच्या काठ्या खोवा. सरळ पट्ट्यात वाळा चालेल.

पुण्यातला बेळगावकर
एवढा खर्च कशाला? आमच्या लहानपणी बेशरमाच्या काठ्या खोवायचे, आठवड्यात फुटायच्या. तेच लावा.

काठावरचा
दादा, बेशरम नको! ते दक्षिण अमेरिकेतलं. पात्रात शिरून पाणी अडवतं, त्यात गाळ साठतो, आणि चुकून जनावरांनी खाल्लं तर विष. बेळगावच्या बळ्ळारी नाल्यात गाळ आणि जलपर्णीनं पाणी तुंबलं की येळ्ळूर-वडगावच्या शिवारातल्या भाताचं काय होतं, विचारा जाऊन.

वाळा आपलाच आहे. आपल्याच कर्नाटकात गुंडलुपेटकडचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बांधाला वाळा लावत आलेत. मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ दोन-तीन मीटर खाली जातात, त्यामुळे भाताच्या वाट्याचं खत ओढत नाहीत. फक्त सावलीत तो मरतो, म्हणून निरगुडीच्या पोटात लावायचा नाही. मेस्त्री, वळणाचं तुमचं मान्य.

भातवाला
मुळांचं कळलं. मला एक सांगा, हा काठ पडायला लागला कधीपासून? पुराच्या नावानं खडे फोडताय, पण त्याच्या आधी जेसीबी लावून ओढा खोल केला, वळणं काढून सरळ केला. पाण्याला वेग आला, काठ उंच झाला. तेही ओढा वाचवायच्या नावानंच केलेलं. दरवेळी नवीन शहाणा येतो आणि रान आमचं जातं.

आणि वाळा लावणार कधी? मृगात लावला तर जुलैतल्या तरण्या पावसात वाहून जाईल.

काठावरचा
खोलीकरणाचं शंभर टक्के खरं. तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या होत्या.

लावायचा दिवाळीनंतर, काठात ओल असते तेव्हा. मग पावसाळ्यापर्यंत सहा-सात महिने मिळतात. उन्हाळ्यात पाणी मात्र घालावं लागेल.

भातवाला
कोण घालणार?

काठावरचा
माझ्या बाजूला मी. तुमच्या बाजूचं तुम्ही बघा. आणि दोन गुंठ्यांचं म्हणाल तर उतार पडीक थोडाच राहणार? वाळ्याची पात कोवळी असताना म्हशी खातात, कापून घाला.

भातवाला
म्हशीला विचारतो. तोवर भिंतीच्या अर्जावरची सही काढून घेत नाही.

पल्याडचा
सगळं वाचलं. ओढ्याच्या समोरचा काठ आमचा. तुमच्या भिंतीवर आपटलेलं पाणी कुठं जाणार, हे अजून कुणी विचारलं नाही. आमच्या बाजूला विहीर आहे, काठापासून 15 फुटांवर. भातवाले, अर्जाची एक प्रत मला पाठवा.