आईला काहीच होत नव्हतं, मग रिपोर्ट पॉझिटिव्ह कसा आला?

तिखटमीठ

गोष्ट जुनी आहे. पण परवा आईच्या दुसऱ्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी फाइल काढली आणि घरात तेच भांडण पुन्हा पेटलं, म्हणून विचारते.

फेब्रुवारी २०२१, मिरज. पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं. तेव्हा ऑपरेशनआधी आरटी-पीसीआर करावीच लागायची. आई ६८ वर्षांची, ना ताप ना खोकला, रोज सकाळी तीन जिने उतरून दूध आणणारी. ९ तारखेला मंगळवारी स्वॅब दिला, दुसऱ्या दिवशी पॉझिटिव्ह. सीटी ३३. मामाने हट्टाने शनिवारी दुसऱ्या लॅबमध्ये परत करायला लावली, ती निगेटिव्ह! तोवर दारावर कागद चिकटला होता, कामाच्या मावशी बंद झाल्या होत्या. त्याच आठवड्यात खालच्या काकूंना ताप आला आणि तो आमच्याकडूनच गेला असं त्यांनी ठरवून टाकलं. हळदीकुंकवाला अजून येत नाहीत.

मामा म्हणतो पहिली लॅब खोटी. आई म्हणते, मला काही झालंच नव्हतं तर कसला करोना. खरं काय धरायचं? आणि आता रक्त तपासून कळेल का?

रोखठोक_अण्णा

कळायचंय काय त्यात? धंदा होता सगळा. धडधाकट माणसाला पेशंट करायचं. मामांचं बरोबर आहे.

रात्रपाळी

अण्णा, त्या धंद्यात मी दीड वर्ष रात्री काढल्यात. पीपीई किटमध्ये घाम बुटात उतरायचा. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सीटी म्हणजे मशीनला विषाणू दिसायला किती फेऱ्या लागल्या तो आकडा. प्रत्येक फेरीत माल साधारण दुप्पट होतो. विरजणासारखं समजा: भरपूर लावलं तर दही लवकर लागतं, बोट बुडवून लावलं तर रात्र जाते. ऐन भरात असलेल्या पेशंटचा सीटी १८ यायचा. ३३ म्हणजे १५ फेऱ्या उशिरा, म्हणजे त्याच्या सुमारे ३२ हजार पट कमी माल. (ढोबळ हिशोब. स्वॅब नीट घासला का, किट कुठलं, यावरही आकडा हलतो.) आपल्याकडे ३५ पर्यंत पॉझिटिव्ह धरायचे. इतक्या काठावरच्या माणसाचा चार दिवसांनी दुसऱ्या काडीवर काहीच न येणं यात नवल नाही. दोन्ही रिपोर्ट खरे असू शकतात.

लॅबची चूकही होते, नाही म्हणत नाही. शेजारच्या नमुन्याचा थेंब उडतो. म्हणून प्रत्येक प्लेटमध्ये एक नुसत्या पाण्याची नळी ठेवायचो. तीच पॉझिटिव्ह आली तर अख्खी प्लेट पुन्हा. ताई, रिपोर्टवर विषाणूचे किती जीन (जनुकं) सापडल्याचं लिहिलंय ते बघा. एकच असेल तर मी शंका घेईन.

आणि आईंना 'काही झालं नव्हतं' हे कोणी, कसं विचारलं होतं? फॉर्म भरणारा पोरगा मागची रांग बघून 'लक्षणं नाहीत' वर टिक मारायचा. ताप-खोकला कोणीही सांगतं. वास गेला होता का, हे मुद्दाम विचारावं लागतं. त्या दिवसाचं नाही, आधीच्या महिन्याचं विचारा. विषाणूचे तुकडे नाकात कित्येक आठवडे सापडतात, माणूस लागण देण्याजोगा राहिलेला नसला तरी.

कुळथाचं_पिठलं

खरोखरच काही न होणारेही असतात, हे अण्णांसाठी. इटलीतलं व्हो नावाचं गाव, वस्ती जेमतेम सव्वातीन हजार. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये बहुतेक गावाचे दोनदा स्वॅब घेतले. पॉझिटिव्हपैकी ४२.५ टक्के लोकांना तेव्हाही काही नव्हतं, नंतरही झालं नाही. आणि त्यांच्या नाकातला विषाणू आजारी लोकांपेक्षा कमी नव्हता! आपल्याकडे एप्रिल २०२० मध्ये आझाद मैदानातल्या शिबिरात मुंबईचे ५३ पत्रकार पॉझिटिव्ह निघाले, बहुतेकांना लक्षणं नव्हती. ते काय पैसे देऊन पेशंट झाले?

याचं एक कारणही सापडलंय. २०२३ मध्ये अमेरिकेतला अभ्यास आला, अस्थिमज्जा दात्यांच्या यादीतल्या, लस न घेतलेल्या लोकांवरचा. एचएलए-बी*१५:०१ हा जनुकाचा प्रकार लक्षणं नसलेल्यांत पाचात एकाकडे, लक्षणं झालेल्यांत ९ टक्क्यांकडे. आई-बाप दोघांकडून आला असेल तर काहीच न होण्याची शक्यता आठपटीहून जास्त. या लोकांच्या काही टी पेशी (विषाणूशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी) साध्या सर्दीच्या करोना विषाणूंवर आधीच तयार झालेल्या असतात, त्या यालाही ओळखतात.

रक्ताचं विसरा. लस घेतली की स्पाइकविरुद्धच्या (विषाणूवरच्या काट्यांविरुद्धच्या) अँटिबॉडी येतातच. विषाणूच्या दुसऱ्या, एन नावाच्या प्रोटीनविरुद्धच्या, कोविशील्डने येत नाहीत, लागण झाली की येतात, पण ओमायक्रॉनमध्ये कोण सुटलंय? आज सापडल्या तरी त्या कुठल्या वर्षीच्या, ते सांगता येणार नाही.

रोखठोक_अण्णा

पत्रकारांचं माहीत होतं. इटलीचं नव्हतं. पण बिलं बघितलेली आहेत मी, तेवढं सोडून बोला.

तिखटमीठ

रिपोर्ट काढला. ई आणि ओआरएफ, दोन्ही आहेत.

आईला वासाचं विचारलं. "छे, काही नाही." तेवढ्यात माझी मुलगी म्हणाली, "आजी, संक्रांतीचे तीळ?" मग आठवलं. तेव्हा आई गॅससमोर उभी राहून तीळ भाजत होती आणि ते काळे पडून घरभर धूर झाला तरी हलवतच होती. मुलगी आतल्या खोलीतून ओरडत आली. आई म्हणाली होती, मोतीबिंदू आहे गं, रंग दिसत नाही. आम्ही हसलो आणि विसरलो. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण करपलेला वास?

ते १४ जानेवारीला. म्हणजे फेब्रुवारीत सापडला तो उरलासुरला माल असावा, आणि काकूंचा ताप बहुधा आमचा नव्हताच. हे मामाला सांगितलं, खूश झाला, लगेच खाली जाऊन काकूंना सांगतो म्हणाला.

मीच थांबवलं. १७ जानेवारीच्या रविवारी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. अकरा बायका, मास्क हनुवटीवर, आणि आई प्रत्येकीच्या हातात स्वतः तिळगूळ देत होती. काकू पहिल्या आल्या होत्या.

रात्रपाळी

त्यांना तेव्हा काही झालं होतं का?

तिखटमीठ

नाही. म्हणजे, तेव्हा कोणी विचारलंच नव्हतं.