चर्चा: नवशिक्यांना पॅकेज (म्हणजे प्रोग्रॅमचा गठ्ठा) घालणं-काढणं टर्मिनलवरूनच, म्हणजे आज्ञा टाइप करूनच, शिकवावं का?

लालबागकर
लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या जुन्या लॅपटॉपवर भाच्याला उबुंटू ही लिनक्सची सिस्टीम घालून दिली. बटणांचं दुकान दाखवलंच नाही, पहिल्या दिवसापासून टर्मिनल. सगळ्या वर्गांत असंच शिकवावं, असं माझं ठाम मत आहे. पॅकेजं सांभाळणाऱ्या ॲप्टच्या 'ॲप्ट रिमूव्ह' या आज्ञेने प्रोग्रॅम जातो, पण 'ईटीसी' फोल्डरमधल्या त्याच्या सेटिंगच्या फायली मागे राहतात. त्याही नको असतील तर 'पर्ज'. सोबतीला आलेली आणि आता कुणालाच न लागणारी पॅकेजं 'ऑटोरिमूव्ह' काढतं. हे वेगळेपण बटण दाबून कळतच नाही.

परळची शिक्षिका
दादा, तुमचा भाचा एकटा आहे आणि शेजारी तुम्ही आहात. माझ्या संध्याकाळच्या वर्गात दिवसभर राबून आलेली मुलं बसतात. गेल्या वर्षी एकाने 'पायथन ३ नको' म्हणून ती प्रोग्रॅमिंगची भाषा 'रिमूव्ह' केली. नेटवरून उचललेल्या ओळीत शेवटी 'वाय'चा पर्याय होता, म्हणजे सगळ्याला आधीच हो. उबुंटूचा डेस्कटॉप पायथनवर टेकलेला, तोही गेला. मशीन पुन्हा लावलं तर काळा पडदा. तो मुलगा पुढे दोन आठवडे फिरकला नाही. सिनॅप्टिक हा खिडकी-बटणांचा प्रोग्रॅमही आत तेच काम करतो आणि 'लागू करा' म्हणण्याआधी यादी दाखवतो. मग घाई कशाला?

लालबागकर
ताई, मुलाचं वाईट वाटलं. पण घात त्या 'वाय'ने केला. एरवी ॲप्ट थांबून विचारतं. आणि आज्ञेला 'एस'चा पर्याय लावला की नुसती रंगीत तालीम होते, काय काय जाईल ते दिसतं, प्रत्यक्षात काहीच हलत नाही.

परळची शिक्षिका
दिसतं, पण इंग्रजीत. पन्नास-शंभर नावांच्या त्या भिंतीत 'डेस्कटॉप' हा एक शब्द त्याने शोधायचा?

मुलुंडची
ॲप्टच्या संदेशांचं मराठी भाषांतर आहे, सिस्टीमची भाषा बदलून पाहा. पण ताईंचा मुद्दा तरीही उरतो. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचं घर देतं, त्यामुळे बऱ्याच टर्मिनलांत जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. खिडकीवाल्या प्रोग्रॅममध्ये तेच मराठी नीट वाचता येतं. याचा मला मनापासून राग येतो.

ग्रँटरोडचा दुरुस्तीवाला
काळा पडदा आला की सिनॅप्टिक उघडणार कुठे? कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर लॉगिन करायचं. ॲप्ट सी++ या दुसऱ्या भाषेत लिहिलंय, पायथन गेलं तरी ते जिवंत असतं. नेट मिळालं तर 'उबुंटू-डेस्कटॉप' हे पॅकेज परत घाला. काय गेलं ते ॲप्टच्या हिस्टरी लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फायलीत, कमांड आणि वेळेसकट सापडतं. माझ्याकडे येणारी निम्मी गिऱ्हाइकं हे न कळल्यामुळे सगळं पुसून नव्याने घालायला सांगतात, फोटोंसकट.

परळची शिक्षिका
मी ते मशीन असंच उभं केलं होतं, त्या रात्री शेवटची लोकल पकडून घरी गेले. म्हणूनच सांगते, हे शिकवणाऱ्याला आलंच पाहिजे. मुलांना पहिला महिना सिनॅप्टिकच देणार. 'एस'ची तालीम मात्र येत्या शनिवारी घेते, पायथन ३ वरच. यादीत 'डेस्कटॉप' कोणाला आधी सापडतो ते बघते.

लालबागकर
शनिवारी मी येऊ का? भाच्यालाही आणतो.