तळघरात सायकली ठेवायच्या आहेत, पण जिना अरुंद आहे

प्रश्न (सहकारनगर, पुणे)
सप्रेम नमस्कार. आमच्या जुन्या बंगल्यात चार सायकली आहेत: वडिलांची चोवीस इंची काळी सायकल, मुलीची शाळेची आणि आम्हा दोघांच्या गिअरच्या. अंगणात त्या पावसाने गंजतात आणि रात्री चोरीची धास्ती असते, म्हणून तळघर वापरायचे ठरवले. मात्र तिथला जिना जेमतेम अडीच फूट रुंद असून मध्यावर काटकोनात वळतो. त्या वळणावर पॅडल घासून गिलाव्यावर अर्धगोल चरा पडला आहे. वडील ७२ वर्षांचे आहेत. त्यांना सायकल उचलवत नाही आणि ती दुसऱ्याने उचललेली त्यांना आवडत नाही. काय करावे?

उत्तर १ (कोथरूड)
फॅब्रिकेटरकडून जिन्याच्या कडेने लोखंडी चॅनेल, म्हणजे सायकलचे चाक ज्यातून सरकते ती पन्हाळीसारखी पट्टी, बसवून घ्या. ते भिंतीला चिकटवू नका, वीतभर अंतर सोडा. नाहीतर टायर नीट बसतो, पण पॅडल आणि हँडल भिंतीवर आपटतात. सायकल आपल्याकडे किंचित कलती धरावी आणि उतरताना मागचा ब्रेक हलका दाबून ठेवावा. वळणावर चॅनेलचा उपयोग नाही. तिथे सपाट चौक असेल, तर पुढचे चाक उचलून सायकल मागच्या चाकावर उभी करा. एरवी सुमारे पावणेदोन मीटर लांब असणारी सायकल मग बऱ्याच कमी जागेत फिरते.

उत्तर २ (अरण्येश्वर)
आपण सहकारनगरचे आहात म्हणून कळकळीने लिहितो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आपल्या भागातून वाहणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा आमच्या तळघरात गुडघ्याच्या वर पाणी होते. सायकली धुऊन वरून स्वच्छ दिसल्या, पण बेअरिंगमध्ये शिरलेला गाळ पुढे कित्येक दिवस करकरत राहिला. जमिनीवर काहीही ठेवू नका. भिंतीत पक्के हुक ठोकून सायकली शक्य तितक्या उंच टांगा. प्लास्टिकचे आच्छादन घालू नका, आत ओल कोंडते. जुनी सुती चादर पुरते. पावसाळ्यापूर्वी चेन पुसून तिला तेल द्या आणि तळघरात एक्झॉस्ट फॅन असू द्या.

उत्तर ३ (सदाशिव पेठ)
वरील दोन्ही सूचना योग्य आहेत, परंतु चारही सायकली खाली नेण्याचा विचारच मला पटत नाही. रोज लागणारी सायकल तळघरात गेली की दोन आठवड्यांत ती वापरातून जाते, हे मी स्वतःच्या घरात पाहिले आहे. वडिलांची आणि मुलीची सायकल पोर्चमध्ये राहू द्या. भिंतीत लोखंडी कडी पक्की बसवा आणि फ्रेममधून जाड साखळी ओवून कुलूप लावा. फक्त गिअरच्या दोन खाली न्या. नेण्याआधी पंधरा नंबरच्या पान्याने पॅडल काढले, तर वळण सोपे जाईल. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटते.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. जिन्याचा चौक मोजला, अडीच बाय अडीच फूट आहे. गिअरची सायकल उभी करून फिरवली, फिरली. तिसरे उत्तर वडिलांना वाचून दाखवले. कडी कुठे बसवायची, तिथे त्यांनी स्वतः खडूने खूण केली आहे.