फ्रॅपे एचआर: मासिक आणि आठवडी पगार एकत्र, दिवस-तासांचं गणित कसं बसवायचं?

सातपूर_अकाउंट्स

नमस्कार मंडळी. एका मशीन शॉपचं पगारपत्रक एक्सेलमधून फ्रॅपे एचआर या हजेरी-पगाराच्या सॉफ्टवेअरवर न्यायचं आहे. ऑफिस आणि सुपरवायझर मिळून 18 जण महिन्याच्या पगारावर. ऑपरेटर-हेल्पर 64, त्यांना दर शनिवारी पगार. रविवारी सुट्टी, तीन पाळ्या.

ऑपरेटरचा दर मालकांनी महिन्याचा ठरवलाय, 20,800 (मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून). एक्सेलमध्ये त्याला 4 ने भागून आठवड्याचा पगार काढतात. सिस्टीममध्ये एक खाडा झाला की 800 च्या जागी 685.71 कापले जातात. आठवडी स्लिपमध्ये प्रोफेशनल टॅक्स शून्य दाखवतोय आणि ओव्हरटाइमची रक्कम हाताने काढलेल्या रकमेपेक्षा कमी येते. सुरुवात कुठून करू?

पगारपत्रक_नाशिक

आधी ते 4 ने भागणं थांबवा. 20,800 भागिले 4 म्हणजे 5,200, आणि वर्षाचे आठवडे 52. वर्षाला 2,70,400 जातात, ठरलेले होते 2,49,600. फरक बरोबर 20,800, म्हणजे एक अख्खा जादा महिना. आठवडा काढायचा तो 12 ने गुणून 52 ने भागून: 4,800. दुसऱ्या वाटेनेही हेच येतं. 20,800 भागिले 26 (महिन्याचे सरासरी कामाचे दिवस) म्हणजे 800 रोज (एका दिवसाचा पगार), गुणिले 6 दिवस. 26 गुणिले 12 आणि 52 गुणिले 6, दोन्ही 312 दिवस, म्हणून दोन्ही वाटा जुळतात. 30 ने भागलंत तर रोज 693.33 होतो आणि ही जुळणी मोडते.

पुढे कधी पंधरवड्याचा पगार सुरू केलात तर हाच घोटाळा तिथेही आहे. 'फोर्टनाइटली' निवडलं की सिस्टीम सरळ 14 दिवस मोजते, वर्षाला 26 पगार. 1 ते 15 आणि 16 ते महिनाअखेर हवं असेल तर 'बायमंथली', वर्षाला 24 पगार. महिन्याचा निम्मा आकडा 14 दिवसांच्या स्लिपला लावला की पुन्हा तोच जादा महिना निघतो.

आता 685.71. पेरोल सेटिंग्जमध्ये एकूण कामाच्या दिवसांत सुट्ट्या धरण्याची टिक असणार. त्यामुळे आठवडा 7 दिवसांचा होतो आणि 4,800 ला 7 ने भागलं जातं. टिक काढली की 6 ने भागेल आणि 800 कापले जातील. मात्र ही सेटिंग सगळ्यांना मिळून एकच आहे. महिन्याच्या 18 जणांचा भाजकही कॅलेंडरच्या दिवसांऐवजी कामाचे दिवस होईल. जुलै 2026 मध्ये चारच रविवार आहेत, म्हणजे 27. फेब्रुवारी 2026 मध्ये 24. मालकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर एका खाड्याची कपात दर महिन्याला वेगळी का, हा प्रश्न येणारच.

त्या 18 जणांच्या भाजकात पक्का 26 बसवायच्या मोहात पडू नका. फेब्रुवारीत कोणी 24 च्या 24 दिवस गैरहजर राहिला तरी त्याला 2 दिवसांचा पगार निघेल आणि जुलैत एकच दिवस आलेल्याला शून्य. 26 हा रोज ठरवण्यासाठी आहे. महिन्याच्या पगारातून खाडे कापायचे तर दिवस जसे मोजता त्यानेच भागायला हवं.

हजेरी_ते_बँक

वरच्या उत्तरात भर. आठवडी मंडळींचा बेस (सिस्टीममध्ये माणसाच्या नावावर भरलेला पगाराचा आकडा) 4,800 ठेवलात तर सणाच्या आठवड्यात घोळ होतो. 15 ऑगस्ट सुट्ट्यांच्या यादीत असेल तर त्या आठवड्यात कामाचे दिवस 5. सगळे दिवस भरले तर पूर्ण 4,800 मिळतात, ते ठीक. पण त्याच आठवड्यात एक खाडा झाला की 960 कापले जातात. कामगाराचे 160 विनाकारण गेले.

म्हणून रोजंदारीसाठी सॅलरी स्ट्रक्चर असाइनमेंटमध्ये (कोणाला कुठला पगार, ती नोंद) बेस 800 ठेवा आणि पगाराच्या घटकाचा फॉर्म्युला बेस गुणिले पेमेंट डेज (पगार द्यायचे दिवस). पगारी सुट्टीचे 800 'ॲडिशनल सॅलरी'तून (एखाद्या स्लिपपुरती वेगळी रक्कम किंवा कपात) वेगळ्या घटकात द्या, स्लिपवर स्वच्छ दिसतात. फॉर्म्युला असा लिहिला की त्या घटकावरची 'डिपेंड्स ऑन पेमेंट डेज' ही टिक काढायलाच हवी. राहिली तर हजेरी दोनदा लागते: 4 दिवस भरलेल्याचे 3,200 व्हायला हवेत, ते 6 पैकी 4 च्या प्रमाणात परत घटून 2,133.33 होतात. पूर्ण हजेरीच्या लोकांवर चाचणी घेतली तर ही चूक दिसत नाही. चाचणीत खाडेवाला माणूस हवाच.

आणि पेरोल एंट्रीत (सगळ्यांच्या स्लिपा एकदम काढायची नोंद) एखाद्याचं नाव आलंच नाही तर त्याच्या सॅलरी स्ट्रक्चरची (पगाराच्या घटकांचा साचा) फ्रिक्वेन्सी, म्हणजे पगार किती दिवसांनी, ते पाहा. 'वीकली' एंट्री वीकली स्ट्रक्चरचीच माणसं उचलते. फ्रिक्वेन्सी जुळत असेल तर पगार देय खातं तपासा, तेही जुळावं लागतं.

चलन_आणि_कपात

प्रोफेशनल टॅक्स शून्य येणारच. महाराष्ट्राचा स्लॅब महिन्याच्या पगारावर आहे: पुरुषांना 7,500 पर्यंत काही नाही, 10,000 पर्यंत 175, त्यावर 200 आणि फेब्रुवारीत 300. महिलांना 25,000 पर्यंत माफ. सिस्टीम स्लॅबशी एका स्लिपचे 4,800 ताडून पाहते. महिन्यातल्या स्लिपांची बेरीज करून शेवटच्या आठवड्यात ॲडिशनल सॅलरीतून कापा. 64 ओळी डेटा इम्पोर्टने एकदम चढतात.

पीएफमध्ये याच्या उलट होतं, जास्त कापलं जातं. महिन्याच्या पगारावरची 15,000 ची मर्यादा प्रत्येक स्लिपला लावली तर 4,800 कधीच तिथवर पोचत नाही. पाच आठवड्यांच्या महिन्यात 24,000 वर 12 टक्के, म्हणजे 2,880 जातात. कंपनी मर्यादेपर्यंतच भरत असेल तर 1,800 हवेत. पहिले तीन आठवडे 576 प्रमाणे 1,728, चौथ्यात उरलेले 72, पाचव्यात शून्य. कामगारांना हे आधी समजावून सांगा, चौथ्या शनिवारी हातात जास्त रक्कम आली की विचारणा होतेच.

कुठला आठवडा कुठल्या महिन्यात, याचा नियम एकदाच ठरवा. शुक्रवारी आठवडा संपत असेल आणि 'ज्या महिन्यात संपला त्या महिन्याचा' असं धरलं, तर 2026 मध्ये जानेवारी, मे, जुलै आणि ऑक्टोबर पाच आठवड्यांचे. मध्येच नियम बदलला तर पीएफच्या महिन्याच्या ईसीआर फाइलशी (कपातीचं विवरण) ताळा बसत नाही.

ईएसआयकडे (कामगार आरोग्य विमा) विशेष लक्ष द्या. मर्यादा 21,000, तुमचा दर 20,800, म्हणजे माणूस योजनेत आहे. पाच आठवड्यांचे 24,000 पाहून कोणी त्याला बाहेर काढलं तर त्याच्या घरच्यांचा दवाखाना बंद होईल. पात्रता ओव्हरटाइम सोडून महिन्याच्या दरावर पाहा. सहामाहीच्या मध्येच दर वाढून मर्यादा ओलांडली तरी 30 सप्टेंबर किंवा 31 मार्चपर्यंत कपात चालू ठेवायची. कामगाराची कपात 0.75 टक्के.

सातपूर_अकाउंट्स

खूप आभार. 4,800 आणि 685.71 दोन्हींचा उलगडा झाला. बायोमेट्रिकच्या एक्सेलमध्ये एकाचा ओव्हरटाइम 2:30 आहे. मी सिस्टीममध्ये 2.30 टाकलं, 460 आले. शिवाय आठवड्याची बेरीज कधीकधी भलतीच कमी दिसते.

हजेरी_ते_बँक

2:30 म्हणजे 2.5 तास. 2.30 टाकलं की सिस्टीम 2 तास 18 मिनिटं धरते. 800 भागिले 8 म्हणजे तासाला 100, दुप्पट दराने 200, म्हणून 500 यायला हवे होते. दुप्पट करताना नुसतं मूळ वेतन घेऊ नका, महागाई भत्ताही धरा. शिफ्ट टाइपमध्ये अर्ध्या दिवसाची तासमर्यादाही दशांशातच भरायची, साडेचार तास म्हणजे 4.5.

एक्सेल वेळ दिवसाच्या अंशात साठवतं. सेलला 24 ने गुणा आणि सेलचा फॉर्मॅट 'नंबर' करा, 2:30 चे 2.5 होतील. बेरीज कमी दिसते कारण साधा वेळेचा फॉर्मॅट 24 तासांनंतर परत शून्यापासून मोजतो, 27:30 ची 3:30 दिसते. आत आकडा बरोबर असतो, 24 ने गुणलं की 27.5 मिळतात. गुणून काहीच येत नसेल तर तो सेल मजकूर म्हणून आला आहे, आधी त्याचं वेळेत रूपांतर करा.

रोजच्या रोज आकडा दोन दशांशांवर तोडू नका. रोज 20 मिनिटं, सहा दिवस, म्हणजे पूर्ण 2 तास. रोज 0.33 धरलं तर 1.98 होतात. मिनिटं आठवडाभर जमवा आणि शेवटी 60 ने भागा.

पगारपत्रक_नाशिक

तीन पाळ्या आहेत म्हणून एक गोष्ट. शुक्रवारची रात्रपाळी शनिवारी सकाळी 7 ला संपत असली तरी हजेरी पाळी सुरू झाल्याच्या तारखेला, म्हणजे शुक्रवारीच लागते. पण शिफ्ट टाइपमधली 'लास्ट सिंक ऑफ चेकइन'ची वेळ (बायोमेट्रिकच्या नोंदी सिस्टीममध्ये शेवटच्या आल्या ती) पाळी संपल्यानंतरची नसेल तर ती हजेरी लागतच नाही. त्यात न लागलेली हजेरी गैरहजर धरायची सेटिंग असेल तर पूर्ण रात्रपाळीचा एक रोज बुडतो, आणि हजर धरायची असेल तर न आलेल्यालाही पगार निघतो.

वेतन संहितेच्या कलम 17 प्रमाणे आठवडी पगार साप्ताहिक सुट्टीच्या आधी द्यायचा, मासिक पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत. तेव्हा एंट्रीची सुरुवात शनिवारपासून ठेवा, शेवट 6 दिवस पुढे शुक्रवारी आपोआप येईल. शनिवारी सकाळी 7 नंतर बायोमेट्रिक सिंक करा, हजेरी लागली का ते पाहा, मग स्लिपा काढा. उचल कापायची असेल तर तीही त्याच वेळी तपासा, कारण स्लिप सबमिट झाल्यावर दुरुस्तीसाठी ती रद्दच करावी लागते.