मदत हवी आहे: आजोबांच्या डब्यातले सवागीचे खडे पांढरे पडत चाललेत

जाईजुई:

नमस्कार मंडळी. धागा थोडा लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय माझी अडचण कळायची नाही.

आमचं घर सोलापूरला, मंगळवार पेठेत. आजोबा सोनारकाम करायचे. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. यंदा मार्चमध्ये दुकानामागची खोली रिकामी करताना, जिथे त्यांची बागेसरी (सोनाराची शेगडी) असायची त्याच्या वरच्या फळीवर एक पितळी डबा सापडला. आत मेणकागदात गुंडाळलेले अकरा खडे. तीन सुपारीएवढे, बाकीचे बोराएवढे. सोबत त्यांच्या अक्षरात चिठ्ठी: "तिबेटी सवागी. वापरू नये."

सवागी म्हणजे टाकणखार, दागिना जोडताना सांध्यावर लावतात तो क्षार, हे आमच्या घरात पोराबाळांनाही ठाऊक. पण आजोबा रोज वापरायचे तो टाकणखार पांढरा स्वच्छ असायचा. हे खडे तसे नाहीत. काचेसारखे, जरासे करडे, कडा झिजल्यासारख्या गोल. हाताला तुपकट लागतात आणि बोटांना जुन्या तेलाच्या बुधलीसारखा खवट वास राहतो. उजेडात धरले की आत मातीच्या बारीक रेघा दिसतात.

पावसाळ्यात हे विरघळून जातील या भीतीने मी ते काचेच्या बरणीत ठेवले आणि कॅमेऱ्यासाठी आणलेली 100 ग्रॅमची सिलिका जेलची पुडी आत टाकली. नऊ आठवडे झाले. आता खड्यांवर खडूसारखा पांढरा थर आलाय, नखाने खरवडला की पीठ पडतं. जेलचे निळे मणी गुलाबी झालेत. म्हणजे बरणीत दमट हवा शिरली असं समजून मी परवा ताजी पुडी टाकली. इथे पारा 42 च्या खाली येत नाही, हवा कोरडी ठणठणीत, मग दमटपणा येतोय कुठून?

एक लहान खडा पाण्याखाली धुऊन पाहिला. पांढरेपणा गेला, पण खडाही झिजला आणि तो तुपकटपणा गेला तो गेलाच. फार वाईट वाटलं. आजोबांनी इतकी वर्षं सांभाळलेली वस्तू माझ्या हातून बिघडतेय.

सर्वात मोठ्या खड्याचं वजन मार्चमध्ये दुकानातल्या काट्यावर 21.40 ग्रॅम होतं, आज 19.90 भरलं.

हे खरंच खाणीतलं की कारखान्यातलं? पांढरे का पडताहेत, आणि आता थांबवायचं कसं? "वापरू नये" का लिहिलं असेल? कुणाला माहिती असेल तर कृपया सांगा.

खडकवेडा:

जाईजुई, आधी सिलिका जेल बाहेर काढा. आत्ता उठून काढा, मग पुढचं वाचा.

काढलंत? आता सांगतो. बरणीत दमट हवा शिरलेली नाही. मणी गुलाबी झाले ते तुमच्या खड्यांतल्या पाण्याने. टाकणखार म्हणजे सोडियमचं बोरेट, बोरॉन या मूलद्रव्याचा क्षार, आणि त्याच्या स्फटिकात पाण्याचे दहा रेणू बांधलेले असतात. वजनाने पाहिलं तर टाकणखाराचा 47 टक्के भाग निव्वळ पाणी आहे. हवा कोरडी झाली की हे पाणी सुटायला लागतं, दहातले पाच रेणू निघून जातात आणि टिंकलकोनाइट नावाचं दुसरं खनिज तयार होतं. तोच तुमचा खडूसारखा थर. सोलापूरचा उन्हाळा त्याला पुरेसा आहेच, त्यात तुम्ही पाणी ओढणारी पुडी शेजारी ठेवलीत.

पण धीर सोडू नका, वजन लिहून ठेवलंत हे फार बरं केलंत. पाच रेणू पूर्ण गेले तर वजन सुमारे 23.6 टक्के घटतं. तुमचा 21.40 चा खडा पूर्ण बदलला असता तर 16.35 वर आला असता. तो 19.90 आहे. म्हणजे जे जायचं त्यातलं साधारण 30 टक्के गेलं. आतला गाभा अजून शाबूत आहे.

थर खरवडू नका, खालचा नवा भाग उघडा पडेल. धुवू तर मुळीच नका. घट्ट झाकणाच्या लहान डबीत, जितकी रिकामी जागा कमी तितकं बरं, सावलीत ठेवा. दमट हवेत पांढरा थर पाणी परत घेतो, पण पुन्हा काचेसारखा होत नाही. जगभरच्या संग्रहांत "टाकणखार" म्हणून ठेवलेले कितीतरी जुने नमुने आकाराने टाकणखार आणि आतून टिंकलकोनाइट झालेले आहेत.

आणि तो खवट वास! तिबेटातला कच्चा टाकणखार पूर्वी चरबी लावूनच पाठवायचे, वाटेत पाणी उडून खडे फुटू नयेत म्हणून. तो तुपकटपणा बहुधा त्याचाच. आजोबांनी मेणकागद का वापरला तेही त्यातच आलं.

झाळकाम:

ताई, आम्ही पण सोनारच, तीन पिढ्या. "वापरू नये" याचं उत्तर माझ्याकडे आहे.

झाळ (दागिन्याचे सांधे जोडणारा, लवकर वितळणारा धातू) देताना टाकणखार सहाणेवर पाण्यात उगाळून सांध्यावर लावतात. तापला की तो आधी फुलतो, मग वितळून काचेसारखा पसरतो आणि धातूवर आलेला काळा थर स्वतःत विरघळवून घेतो. तेव्हा कुठे झाळ सांध्यात पळतो. यात दोन गोष्टी नडतात. एक, फुलताना तो झाळेचा तुकडा ढकलून देतो. म्हणून आमचे वडील आधी तव्यावर लाही करून घ्यायचे, पाणी निघून गेलं की फुलण्याचा त्रास नाही. दुसरी, घाण. कच्च्या मालात माती आणि चरबी, ती सांध्यात जळून काळी राहते. असा माल गरम पाण्यात विरघळवून, गाळून, पुन्हा खडे धरून मगच वापरायचा. तुमच्या आजोबांकडे तयार शुद्ध माल होता, ते कशाला हा कामाला लावतील? जपायला ठेवला असणार.

जाईजुई:

जेल काढलं. रात्रीच काढलं, हात थरथरत होते. दोघांचेही मनापासून आभार. फुंकणीने ज्योत मारताना सांध्यावर पांढरं फुगायचं आणि मग एकदम पारदर्शक थेंब व्हायचा, हे मी लहानपणी आजोबांच्या गुडघ्याशी बसून शेकडो वेळा पाहिलंय. ते पाणी उडताना होतं हे आज कळलं.

आता खात्री कशी करायची? भाऊ म्हणतो ही तुरटीही असू शकेल. आणि हे तयार कसं होतं? आपल्याकडे, इतका काळा दगड आहे जिल्ह्यात, त्यात मिळेल का?

पंढरीचीलेक:

तुरटी आणि सवागी ओळखायची तर हळद घ्या. माझं माहेर पंढरपूरचं, आजी घरी कुंकू करायची. हळकुंडं लिंबाच्या रसात, त्यात सवागी आणि तुरटी, आणि मग सावलीत वाळवण. पिवळ्याची लाल होताना बघणं हा आमचा लहानपणचा सोहळा. चुन्यानेही हळद लाल होते, पण त्यावर लिंबू पिळलं की परत पिवळी. सवागीची लाली लिंबाने जात नाही. नुसत्या तुरटीने हळद लाल होतच नाही.

एक मात्र काळजीने सांगते. पूर्वी बाळाच्या तोंडाला मधातून टाकणखाराची लाही लावायचे, आमच्याकडेही लावायचे. ते करू नका आणि कुणाला करू देऊ नका. त्याने तान्ह्या मुलांना झटके आल्याच्या नोंदी आहेत. हे खडेही मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवा.

खडकवेडा:

पंढरीचीलेक, कुंकवाची आठवण फार सुंदर. प्रयोगशाळेतली बोरॉनची जुनी परीक्षा हीच आहे, फक्त तिथे लिंबाऐवजी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल. हळदीचा कागद द्रावणात भिजवून वाळवला की तांबडा होतो, आणि त्या तांबड्यावर अमोनियाचा थेंब टाकला की हिरवट-काळा. चुना, सोडा, तुरटी कुणालाच हे जमत नाही. दुसरी परीक्षा ज्योतीची: चिमूटभर पूड, मिथाइल अल्कोहोल आणि तीव्र सल्फ्यूरिक आम्ल, ज्योत हिरवी. ही घरी अजिबात करू नका, प्रयोगशाळेतच करा. 1881 मध्ये कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीत ॲरन विंटर्स यांनी रात्री याच हिरव्या ज्योतीवरून तिथलं बोरेट ओळखलं होतं.

बाकी खुणा: कठीणपणा 2 ते 2.5, म्हणजे नखाच्या जवळपास. घनता 1.7, त्यामुळे हातात दगड म्हणून हलका वाटतो. पण तुरटीचंही जवळपास तसंच, म्हणून हळदच खरी.

आता हे बनतं कसं. तीन गोष्टी एका जागी याव्या लागतात. बोरॉन आणून देणारे गरम पाण्याचे झरे किंवा ज्वालामुखीचा परिसर, पाण्याला बाहेर वाट नसलेलं खोलगट खोरं, आणि पाऊस कमी, ऊन जास्त. पाणी येतं, आटतं, पुन्हा येतं, आणि क्षार तळाच्या चिखलात घट्ट होत जातात. तुमच्या खड्यांतल्या मातीच्या रेघा हा मला सर्वात मोठा पुरावा वाटतो. खडा चिखलात वाढला, वाढताना चिखल पोटात घेतला. गाळून पुन्हा धरलेल्या खड्यात माती येणार कुठून? तेव्हा खाणीतला म्हणा किंवा तळ्याकाठचा, तो नैसर्गिक आहे.

सोलापूरच्या काळ्या दगडात नाही मिळणार. तो बेसॉल्ट, त्यात बोरॉन अगदी थोडं, आणि भीमा, सीना सगळ्या वाहत्या नद्या. जे विरघळतं ते कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागरात. आपल्याकडचं बंद खोरं म्हणजे लोणार. तिथे पाणी आटून क्षार जमतात, लोक ते पूर्वी गोळाही करायचे, पण तो मुख्यतः सोडा आणि मीठ. आपल्या खाणीत पोकळ्यांतून जे चमकदार स्फटिक निघतात ते झिओलाइट नावाची खनिजं आणि त्यांचे भाऊबंद, त्यांचा बोरॉनशी संबंध नाही. भारतात टाकणखार पाहायचा तर लडाखच्या पुगा खोऱ्यात, सुमारे 4400 मीटर उंचीवर. तिथे गरम झऱ्यांभोवती त्याचा पांढरा थर धरतो.

तिबेटात तो तळ्यांच्या काठावरून गोळा व्हायचा आणि मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर छोट्या थैल्यांतून हिमालयाच्या खिंडी ओलांडून खाली यायचा. पुढे व्हेनिसपर्यंत जाऊन तिथे शुद्ध व्हायचा. कच्च्या टाकणखाराला युरोपात टिंकल म्हणतात, ते आपल्या "टंकण" शब्दाचंच रूप.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतला माल निघाला आणि ही वाट ओस पडली. डेथ व्हॅलीतून 1883 पासून पाच-सहा वर्षं वीस जनावरांच्या जोडणीने दोन प्रचंड गाड्या आणि पाण्याची टाकी ओढत 265 किलोमीटरवरच्या रेल्वेपर्यंत माल नेत. आज कॅलिफोर्नियात बोरॉन नावाच्याच गावी मोठी उघडी खाण आहे, आधी ती भुयारी होती, 1957 पासून उघडी. साठे मात्र सर्वाधिक तुर्कस्तानात, टाकणखारासाठी तिथलं किर्का. खाणीतला माल भरडून गरम पाण्यात विरघळवतात, माती खाली बसवतात आणि वरचं द्रावण थंड करतात. थंड पाण्यात टाकणखार फारच कमी विरघळतो, म्हणून शुद्ध खडे आपोआप खाली येतात. झाळकाम यांनी सांगितलेली गाळून खडे धरायची रीत आणि ही रीत एकच.

डाळिंबबाग:

मध्येच विचारतो, माफ करा. मी सांगोल्याकडचा. डाळिंबाला फळ तडकू नये म्हणून आम्ही बोरॉन देतो, 20 टक्केवालं. ते हेच का? आणि टाकणखार स्वस्त पडतो म्हणून शेजारी तोच टाकतात, ते बरोबर आहे का?

खडकवेडा:

मूळ एकच, दोन्ही बोरेट खनिजांपासूनच. टाकणखारात बोरॉन साधारण 11 टक्के, तुमच्या फवारणीच्या मालात 20, म्हणून एकाचं माप दुसऱ्याला लावू नका. तडकण्याला पाण्याची अनियमित पाळीही तितकीच कारण असते. आणि बोरॉनचं कमी आणि जास्त यातलं अंतर फार थोडं आहे, जास्त झालं की पानांच्या कडा करपतात. माती-पानांची तपासणी करून घ्या. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरातच आहे, तिथे विचारा. अंदाजाने टाकू नका.

जाईजुई:

सगळ्यांना कळवायला आले.

मैत्रीण एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. मी धुतलेला तो लहान खडा घेऊन गेले, बाकीच्यांना हात लावला नाही. फोडला तर बाहेर पांढरी साल, आत हरभऱ्याएवढा स्वच्छ काचेसारखा गाभा. खडकवेडांनी सांगितलं होतं तसाच. गाभ्याची पूड करून हळदीचा कागद भिजवला आणि तिच्या केबिनमध्ये पंख्याखाली वाळवला. पाच-सात मिनिटांत कडेपासून तांबडा होत गेला, थेट कुंकवाचा रंग. अमोनियाचा थेंब पडला आणि तेवढाच ठिपका हिरवट-काळा झाला. नंतर तिने धुरांड्याखाली ज्योतीची परीक्षा केली. हिरवी. दोघी काही बोललो नाही थोडा वेळ.

उरलेले दहा खडे मेणकागदात घालून, आजोबांच्याच पितळी डब्यात, झाकणाच्या कडेला मेण लावून बंद केलेत. डबा कोनाड्यात, उन्हापासून लांब. त्यांच्या चिठ्ठीखाली मी माझी ठेवली: "धुवू नये. सिलिका जेल ठेवू नये. मुलांना देऊ नये." मागच्या बाजूला वजनाची तारीखवार नोंद.

काल तीन आठवड्यांनी मोठा खडा पुन्हा काट्यावर ठेवला. 19.90.