मदत हवी आहे: तिसरीच्या मुलांना कविता ऐकवून शिकवायची आहे

नमस्कार मंडळी. मी हडपसरला तिसरीच्या वर्गावर शिकवते. कविता आली की मुलांचा पहिला प्रश्न असतो, "बाई, प्रश्नोत्तरं लिहून देणार ना?" मग अर्थ फळ्यावर, यमक जुळणारे शब्द वहीत, संपली कविता. याचं मला फार वाईट वाटतं.

मागच्या आठवड्यात पुस्तकं मिटायला लावली आणि आजीकडून ऐकलेली जात्यावरची ओवी नुसती म्हटली. घरी कन्नड बोलणारा, वर्गात कधी तोंड न उघडणारा एक मुलगा बाकावर बोटांनी ताल धरत होता. तिसऱ्या वेळी त्याने अख्खी ओवी माझ्याबरोबर म्हटली. आवाज कुठे लांबवायचा हेही त्याला बरोबर कळलं! बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी केवढं रचलं. मग आपण कवितेची सुरुवात वहीपासून का करतो?

पालक मात्र विचारतात, याला मार्क किती?

२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, मुलांनी स्वतः रचलेल्या दोन-दोन ओळी म्हणाव्यात अशी मनापासून इच्छा आहे. कुणाच्या आई-आजीला ओव्या येत असतील तर अर्धा तास वर्गात येतील का? रिक्षाने न्यायची-आणायची सोय मी करेन. आणि लहान मुलांकडून कविता रचून घेतलेल्या शिक्षकांनी कृपया सांगा, पहिल्या दिवशी नेमकं काय केलंत?