गिरणी कामगाराचं पात्र पुठ्ठ्याचं का वाटतंय?

शाईदौत
दिवाळी अंकासाठी साडेतीन हजार शब्दांची कथा आहे. नायक आबा, वय साठ, मूळचे साताऱ्याकडचे. लालबागच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते, संपात नोकरी गेली, आता मुलगा-सुनेकडे राहतात. वाचणारे म्हणतात, आबांची कीव येते पण आबा दिसत नाहीत. नमुना: ‘गिरणीच्या जागी उभा राहिलेला टॉवर पाहून आबांचे डोळे भरून आले. “सगळं संपलं,” ते पुटपुटले.’ आवडता रंग, आवडती भाजी असा चाळीस प्रश्नांचा बायोडेटाही करून झालाय.

खाडाखोड
बायोडेटा राहू द्या, आधी वय बघा. संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला. आजचा साठीचा माणूस तेव्हा शाळा-कॉलेजच्या वयाचा. त्याच्या हाती साचा कोण देणार? आबांना ७२ वर्षांचे करा. म्हणजे १९७२-७३ ला बदली कामगार म्हणून लागले, पुढे कायम झाले आणि संपाच्या वेळी तिशीच्या आत-बाहेर, पदरात दोन पोरं. काय गेलं ते मोजता आलं की कीव भाकावी लागत नाही.

दुसरं, साच्यातला माणूस पुटपुटत नाही. त्या खडखडाटात शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी ओरडायचं, नाहीतर ओठ वाचायचे. आबा घरातही मोठ्यानं बोलणार आणि समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघणार. नव्या सुनेला ते अवघड वाटेल, ती पदर सारखा करेल, आबांना कारणच कळणार नाही. तुमचा प्रसंग तिथे आहे, टॉवरपाशी नाही. खातं बदललंत तर माणूसही बदलेल: त्रासनखात्यातला, म्हणजे सूतकताईतला असेल तर कापसाची धूळ आणि छातीचा त्रास.

मधली सुट्टी
डोळे भरून येणं एका कथेत एकदाच, तेही दुसऱ्या पात्राला दिसलेलं. भावनेचं नाव खोडा, तिथे हातातलं काम ठेवा. तुमचंच वाक्य असं करता येईल:

‘आबा मॉलच्या सरकत्या जिन्यापाशी थांबले. “हितं पाण्याची टाकी व्हती,” ते एवढ्या जोरात म्हणाले की वॉचमननं वळून बघितलं. आबांनी त्यालाच विचारलं, “संडास कुठाय?”’

टाकीनंतर एकही वाक्य समजावून सांगायचं नाही. इथेच बहुतेकांचा हात राहत नाही, लगेच ‘त्यांना जुने दिवस आठवले’ येतं आणि पात्र बसतं खाली.

‘सगळं संपलं’ तर काढाच. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आबांना ते क्रियापद जड जाईल.

पानवेल
बोलीबद्दल थोडं. निवेदन प्रमाण भाषेत ठेवा, आबांच्या तोंडी चार-पाचच खुणा: हितं, व्हतं, न्हाई, का रं. प्रत्येक शब्द वाकवलात तर वाचक अडखळतो आणि आबा विनोदी होतात. खरी गंमत बोली कुठे सुटते त्यात आहे. बायकोशी ‘न्हाई’, पण बँकेतल्या मुलीशी ‘नाही हो मॅडम’. ती शरम वेगळी लिहावी लागत नाही. सून ‘मामा’ म्हणेल, ‘बाबा’ म्हणवून घ्यायचं तर त्याला कारण द्या.

आणि एखादी वस्तू द्या. गिरणी कामगारांसाठीच्या म्हाडाच्या घरासाठी १ जानेवारी १९८२ ला किंवा नंतर पटावर असल्याचा पुरावा लागतो. म्हणून तिकीट नंबर, पीएफची चिठ्ठी, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड असलेली प्लास्टिकची पिशवी आबांकडे असणारच.

शाईदौत
पिशवी सुरुवातीला आणू की शेवटी?

पानवेल
दुसऱ्या पानावर, पण उघडू नका. सुनेनं माळा आवरताना ती रद्दीत घातली की बाजूला ठेवली, एवढ्यावर पुढची दहा पानं चालतील.